आबांचं सेकंद काट्याचं घड्याळ

छत्तीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. आधी धुळ्याला, मग बदली होऊन जळगावला. तेवढ्या काळात हातात किती घड्याळं आली आणि गेली ते सांगता येणार नाही. सगळी स्वस्त, सगळी सेलवर चालणारी आणि सगळ्यांना सेकंद काटा. नर्सचं बाकी कशावाचून अडत नाही, पण सेकंद काट्यावाचून अडतं. नाडी त्यावर मोजायची, सलाईनचे थेंब त्यावर बघायचे. त्यामुळे रिटायर झाल्यावर मी चावीचं, भारी, परदेशी घड्याळ घेणार असं घरात जाहीर केलं, तेव्हा नवऱ्याने चष्मा काढून माझ्याकडे नीट बघितलं.

किंमत ऐकल्यावर तो म्हणाला, "एवढ्यात आपली पहिली स्कूटर आणि फ्रिज दोन्ही आली असती. वर मेहरूणच्या तळ्याकाठी वर्षभर रोज भेळ खाल्ली असती."

"हौसेला मोल नसतं," मी म्हटलं.

"जळगावात राहून माणूस सोनं घेतो. तू घड्याळ घेणार. लोक म्हणतील, बाईंना रिटायरमेंट सोसली नाही."

त्याचं काही चुकत नव्हतं. आमच्याकडे चार पैसे जमले की पाय आपोआप सराफाकडे वळतात. पण मी त्याला अर्धंच सांगितलं होतं. घड्याळ मला नको होतं. ते माझ्या वडिलांना, आबांना द्यायचं होतं, आणि तो शब्द मी अठराव्या वर्षी दिलेला होता.

आबा रेल्वेत गँगमन होते, रुळांची देखभाल करायचे. आमचं घर चाळीसगावला, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. मला धुळ्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा कॉलेजने वस्तूंची यादी दिली होती. पांढरे बूट, दोन गणवेश, कात्री आणि सेकंद काट्याचं घड्याळ. बाकी सगळं जमलं, घड्याळ जमेना. निघायच्या दिवशी आबांनी स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढलं आणि माझ्या हातात बांधलं. त्यांच्याकडे ते एकच होतं, पहिल्या बोनसमध्ये घेतलेलं. माझ्या हडकुळ्या हातात ते कोपरापर्यंत घसरायचं, म्हणून त्यांनी पट्ट्याला खिळ्याने आणखी दोन भोकं पाडली.

मी म्हटलं, "आबा, पहिल्या पगारात तुम्हाला याहून भारी घड्याळ घेईन."

ते आमच्या अहिराणीत म्हणाले, "माले काय करनं शे घड्याळ? गाड्या शेतस ना." येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवरूनच ते वेळ ओळखायचे.

पहिल्या सुट्टीत घरी आले ती नाडी मोजायला शिकून. सराव कोणावर करणार? आबा खाटेवर बसले, तळहात वर करून हात पुढे केला आणि पूर्ण एक मिनिट न बोलता, जवळजवळ श्वाससुद्धा न घेता बसून राहिले. घड्याळ त्यांचं, नाडी त्यांची, मोजणारी मी. "किती?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बहात्तर." गल्लीत त्यांनी तो आकडा चार जणांना सांगितला.

ते घड्याळ नोकरीच्या दुसऱ्या वर्षी दवाखान्याच्या कपडे बदलायच्या खोलीतून चोरीला गेलं. मी दोन दिवस रडले. आबा म्हणाले, "गयं तं गयं." आणि पहिला पगार? तो भावाच्या फीला गेला. दुसरा घरावरच्या पत्र्यांना गेला. मग लग्न, मुलं, बदल्या. आबांना मी स्वेटर घेतले, रेडिओ घेतला, डोळ्यांचं ऑपरेशन करून दिलं. घड्याळ मात्र दर वर्षी पुढे ढकललं. साधं घ्यायचं नाही, भारीच घ्यायचं, असं मनात धरून बसले आणि तेच नडलं. आबा चौऱ्याऐंशीचे झाले. त्यांचं मनगट तेव्हापासून मोकळंच होतं आणि ते मोकळं मनगट दिसलं की मला आतून लाज वाटायची.

इथे एक कबुलीही देऊन टाकते. धुळ्याला प्रसूतीच्या वॉर्डात होते तेव्हा माझं घड्याळ मी मुद्दाम पाच मिनिटं पुढे ठेवायचे, बस चुकू नये म्हणून. मूल जन्मलं की नातेवाईक धावत यायचे, "सिस्टर, टाइम सांगा, पत्रिका करायचीय." आमच्या घरात बुद्धवंदना होते, पत्रिका होत नाही. तरी पण लोकांना खरी वेळ सांगावी म्हणून मी पाच मिनिटं वजा करायचे. दमलेली असले की वजा करायचं राहून जायचं. अशी किती तरी मुलं खानदेशात पाच मिनिटं उशिरा जन्मलेली आहेत. त्यांतल्या दोघांच्या लग्नाला मी जेवून आले. संसार छान चालले आहेत.

तर घड्याळ. आधी बाजारातल्या मोठ्या दुकानात गेले. तिथल्या मुलीने हातमोजे घालून घड्याळ दाखवलं. मी आयुष्यभर हातमोजे घातले ते रक्त लागू नये म्हणून, इथे घड्याळाला माझा हात लागू नये म्हणून. किंमत ऐकली आणि विचारलं, "यात असं आहे तरी काय?" ती म्हणाली, "मॅम, हा वारसा आहे." एवढ्याने माझं समाधान होईना. मी उठून नानांकडे गेले.

नाना म्हणजे जुन्या गावातले घड्याळजी. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला रस्त्यावर थांबावं लागतं एवढं त्यांचं दुकान. वय पंचाहत्तरच्या पुढे, एका डोळ्यात कायम भिंग. माझी सगळी स्वस्त घड्याळं त्यांच्याच हातून गेली होती आणि प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "सिस्टर, हे रिपेर करण्यापेक्षा नवीन घ्या."

मी प्रश्न विचारला तसे ते हसले. "वेळ बघायला घेताय का? तर मग घेऊ नका. तुमच्या हातातलं सेलचं घड्याळ त्या भारी घड्याळापेक्षा जास्त बरोबर चालतं. ते लाखाचं रोज चार-पाच सेकंद इकडेतिकडे होईल."

"मग लाख कशाचे?"

त्यांनी दुरुस्तीला आलेलं एक जुनं चावीचं घड्याळ मागून उघडलं, भिंग माझ्या डोळ्याला लावलं आणि म्हणाले, "बघा." आत एक चक्र होतं, इकडून तिकडे, तिकडून इकडे झुलत होतं. त्याच्या पोटात केसाहून बारीक कमान, ती आवळायची आणि सुटायची. मला एकदम सोनोग्राफीत दिसणारं बाळाचं हृदय आठवलं. नाना म्हणाले, ही कमान अशी हवी की थंडीत, उन्हात, हात वर असो की खाली, तिचा झोका बदलायला नको. असा धातू करणारे जगात मोजके. मग ती बसवणारा माणूस. घड्याळ पालथं ठेवून बघायचं, उभं ठेवून बघायचं, आडवं ठेवून बघायचं, प्रत्येक वेळी केसभर सरकवायचं, पुन्हा काही दिवस थांबायचं. असा हात बसायला वर्षं जातात.

हे मला पटलं. लहान बाळाची शीर सापडायला माझीही वर्षं गेली होती, आणि ती शिकवणारं पुस्तक मिळत नाही.

"आणि हे बघा," ते म्हणाले, "भारी घड्याळात आतल्या स्क्रूच्या डोक्यालाही पॉलिश असतं. घालणाऱ्याला ते जन्मात दिसणार नाही. फक्त माझ्यासारख्याला दिसतं, दहा वर्षांनी उघडलं तर."

धुळ्याला आमच्याकडे एक सर्जन होते. त्यांचे आतले टाके बाहेरच्या टाक्यांइतकेच सुबक असायचे. आम्ही एकदा विचारलं, सर, आत कोण बघणार? ते म्हणाले, पुन्हा पोट उघडायची वेळ आली तर दुसरा डॉक्टर बघेल. मी नानांना ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "मग तुम्हाला समजलं."

"म्हणजे सगळे पैसे कारागिरीचे?"

"छे, छे. निम्मे नावाचे. जाहिराती, चकचकीत दुकान, परदेशातून आणायचा कर. कधी कधी तर नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. म्हणून आधी मशीन बघा, मग नाव वाचा." आणि मग ते सांगत सुटले. चंद्र दाखवणारं, चार देशांच्या वेळा दाखवणारं घ्यायचं नाही, जेवढं जास्त दाखवतं तेवढं जास्त बिघडतं. तीन-चार वर्षांनी तेल-पाणी करावं लागणार, ते कोण करणार आणि कुठे, हे पैसे देण्याआधी विचारायचं. घेण्याआधी एकदा उजेडात, एकदा अंधारात आकडे वाचता येतात का बघायचं. पुढे विकून फायदा होईल असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडून घ्यायचंच नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, "घालणार कोण?"

मी म्हटलं, "मीच."

खोटं बोलले. अठ्ठावन्नाव्या वर्षी, रस्त्यावरच्या दुकानात, अठराव्या वर्षी दिलेला शब्द सांगायला लागले असते तर मला रडू आलं असतं, आणि नर्सने लोकांसमोर रडायचं नसतं असं माझ्या अंगात मुरलेलं आहे. नाना म्हणाले, "तुमचा हात दिवसभर चालतो. ऑटोमॅटिक घ्या. हात हलला की आतलं वजन फिरतं आणि चावी आपोआप भरते." मी तसंच घेतलं. पांढरी तबकडी, ठळक आकडे, सेकंद काटा. नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा तो लगेच माझ्याबरोबर चाळीसगावला आला.

आबांनी डबी उघडली, घड्याळ कानाला लावलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कितलानं शे?"

मी म्हटलं, "हजाराचं."

"तुले फसाडी दिधं, बाई. पाचशेनं शे." नवरा खोकत बाहेर निघून गेला.

मला वाटलं, झालं एकदाचं. जळगावला येऊन मी पंधरा दिवस फार सुखात होते. भाजी निवडतानासुद्धा गुणगुणत होते. मग चाळीसगावहून वहिनीचा फोन आला. तिने आवाज बारीक करून सांगितलं, आबांनी ते घड्याळ पहिले आठ दिवस धुतलेल्या धोतरात गुंडाळून पेटीत ठेवलं होतं. बुद्धपौर्णिमेला विहारात घालून जाणार म्हणे. आमच्याकडे चांगल्या वस्तूचं हेच होतं. चांगली चादर पाहुण्यांसाठी, चांगले कप पाहुण्यांसाठी, आणि पाहुणे आले की सापडत नाहीत. वहिनीने बळेच घालायला लावलं. पण ते बंद पडायचं. आबा कोणाला न सांगता हात झटकायचे, चालू करायचे, ते पुन्हा रात्रीत बंद पडायचं. "अक्का, तुम्हाले सांगू नको म्हने," ती म्हणाली. "पोरगीनं हजार रुपया वाया गयात, तिले वाईट वाटी, अशे म्हनेत."

मी पदर खोचून नानांकडे गेले आणि त्यांच्यावरच डाफरले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या हातात बंद पडतं?"

मग सगळं सांगावं लागलं. खाट, खिळ्याने पाडलेली भोकं, बहात्तर, सगळं. रडूही आलं. नानांनी चहा मागवला आणि मग मला झाडलं. "अहो, चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस दिवसभर बाजेवर बसून असतो. त्याचा हात हलतो कुठे? घड्याळ उपाशी राहतं. आणि याचं चावीचं बटण आट्यांचं आहे, आधी फिरवून सैल करावं लागतं, त्यांच्या बोटांना ते सुटणार नाही. रोग्याचं नाव लपवून औषध मागायला आलात तुम्ही. नर्स ना?"

मी मान खाली घातली. म्हातारपणी असं रागावणारं माणूस मिळायलाही भाग्य लागतं.

चाळीसगावहून घड्याळ आणून मी त्या मोठ्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, वापरलेलं घड्याळ बदलून देत नाही. मी पुढे ठेवलं. त्याने काचेवर बोट फिरवलं, पालथं केलं आणि पावतीपुस्तक पुढे ओढलं. आबांनी पुढचं, मागचं, पट्ट्याच्या बकलावरचं, एकही प्लॅस्टिक काढलेलं नव्हतं. ओरखडा औषधालाही नव्हता. ज्या सवयीवर मी चिडले होते तिनेच मला वाचवलं. बदल्यात हाताने चावी द्यायचं घड्याळ घ्यायचं ठरलं, आणि या वेळी आबांना घेऊन येणार असं मी सांगितलं. किमतीच्या चिठ्ठ्या मात्र आधी काढून ठेवा म्हटलं.

आबा गाडीने आले, नवं धोतर नेसून. नानाही दुकान बंद करून आले. दोघे म्हातारे त्या थंडगार दुकानात शेजारी बसले आणि हातमोजेवाल्या मुलीने त्यांच्यापुढे एकेक घड्याळ मांडलं. नाना आबांच्या अंगठ्याकडे बघत होते. बटण पकडता येतंय का, फिरवता येतंय का, एवढंच. एक घड्याळ फार देखणं निघालं. नाण्याइतकं पातळ, दोनच काटे, तबकडी दुधासारखी. चावी लोण्यासारखी फिरत होती. नानांचाही जीव त्यावर आला.

आबांनी ते उजेडात धरलं आणि परत ठेवलं. "सेकंद काटा नही शे."

मुलगी म्हणाली, "आजोबा, अशा घड्याळात नसतोच. त्यामुळेच इतकं पातळ आहे."

"मंग दुसरं दखाडा."

मी म्हटलं, "आबा, तुम्हाला सेकंद कशाला हवेत? कुठे गाडी पकडायचीय?" त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तास गेला. शेवटी एक सापडलं. जरा जाड, मोठ्या आकड्यांचं, बोटात नीट येणारं मोठं बटण आणि काळा, बारीक सेकंद काटा. आबांनी चावी दिली, कानाला लावलं, मान हलवली. मीच लगेच सगळी प्लॅस्टिकं ओरबाडून काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. ते हळहळले.

थंडीत मी आठ दिवस चाळीसगावला राहायला गेले. तेव्हा त्यांचा नेम बघितला. सकाळी धुळ्याची गाडी सुटली की शिट्टी घरात ऐकू येते. शिट्टी झाली की आबा खाटेवर बसून घड्याळ काढतात, बटण फिरवत राहतात, ते ताठ झालं की थांबतात. मग काटे सरकवून गाडीची वेळ लावतात. वेळापत्रकातली वेळ, त्यांना तोंडपाठ असलेली. शिकत होते तेव्हा मी याच गाडीने ये-जा करायचे.

एक दिवस धुकं पडलं. गाडी चाळीस मिनिटं उशिरा सुटली. शिट्टी झाली, आबांनी चावी दिली आणि बिनचूक चालणारं घड्याळ चाळीस मिनिटं मागे नेऊन ठेवलं.

मी म्हटलं, "आबा, अहो वेळ चुकवलीत. गाडीला उशीर झालाय."

"गाडी गई ना? मंग तीच वेळ."

"इतकं भारी घड्याळ, ते काय गाडीला विचारून चालवायचं?"

"भारी शे, माले माहीत शे," ते म्हणाले. "हजारमा इतलं चांगलं नही येस."

वेळ नीट लावावी म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी घड्याळ माझ्या हातात दिलं आणि पाठोपाठ आपला हात पुढे केला, तळहात वर करून. "मोज."

"कशावर मोजू? वेळच चुकीची आहे."

"काटा तं फिरस ना? सेकंद काटा कसाले मांगा मी दुकानमा? तू येशी तव्हय नाडी कशावर मोजशी?"

मी त्यांच्या शेजारी खाटेवर बसले. तीन बोटं मनगटावर ठेवली. कातडी पातळ झाली होती, शीर सहज लागली. चाळीस मिनिटं मागे असलेल्या त्या घड्याळात काळा काटा न थांबता फिरत होता आणि मिनिट पूर्ण साठ सेकंदांचंच होतं. आबा न बोलता, जवळजवळ श्वाससुद्धा न घेता बसले होते. मला काटा मधेच धूसर दिसायला लागला, पण मी मोजणं सोडलं नाही.

"किती?"

"अठ्ठ्याहत्तर."

आबांनी जरा विचार केला. "मांगे बहात्तर व्हतात," ते म्हणाले. "चाळीस वर्षमा सहाच वाढनात." मग त्यांनी घड्याळ मागून घेतलं, हातात बांधलं आणि वहिनीला चहा टाकायला सांगितलं.